होळकरांची टीम

आपला संघ हरला की वाईट वाटतं, पण पुढच्या मोसमाची आशा असते. संघच बंद पडला तर चाहत्यानं काय करायचं? माझ्या माहेरी, उज्जैनला, आजोबांपुढे हा प्रश्न शेवटपर्यंत होता.

त्यांची टीम होळकरांची. खरं तर उज्जैन शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातलं आणि होळकरांचं इंदूर तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. पण क्रिकेटच्या बाबतीत आजोबांनी संस्थानाची हद्द कधी मानली नाही. टीमनं तरी कुठं मानली होती? मुश्ताक अली इंदूरचे, पण कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर लष्करी नोकरीमुळे महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करून गेला. सामना मात्र मुंबईनं जिंकला.

तिथून पुढच्या काळाला आजोबा 'आमचे दिवस' म्हणत. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम फेरीत पोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा जिंकला.

त्यांचा सगळ्यात आवडता सामना १९४५-४६ चा, म्हैसूरविरुद्धचा. होळकर ८ बाद ९१२, डाव घोषित! भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रतापसिंह अशी एकाच डावात सहा शतकं. नायडू तेव्हा पन्नाशीचे होते. आजोबा ही सहा नावं स्तोत्रासारखी म्हणत. लग्नानंतर मी ती गोष्ट सासरी सांगितली. म्हैसूरच्या गरुडाचारांनी एकट्यांनी ३०१ धावा मोजल्या, हे ऐकून धारवाडकडच्या माझ्या सासूबाईंच्या तोंडून निघालं, "अय्यो, पाप!" त्याच गोष्टीत मला शतकं दिसत होती, त्यांना दमलेला गोलंदाज दिसला. त्या दिवसापासून मी गोष्ट सांगताना गरुडाचारांचं नाव गाळत नाही.

१९५४-५५ चा मोसम होळकर संघाचा शेवटचा. त्याची जागा मध्य भारतानं घेतली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यही मध्य प्रदेशात विरून गेलं. त्याच दिवशी आपलं बेळगावही म्हैसूर राज्यात गेलं. नकाशा एका रात्रीत बदलतो, माणसाचं मन मात्र त्याच्या सोयीनं बदलतं, हे आपल्या भागातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

आजोबांनी मध्य प्रदेशाला आपलं मानलं, पण यश काही येईना. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला पहिल्या डावात आघाडी मिळाली होती. सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी चषक आपला होता. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजनं सहा बळी घेतले आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकलं. मध्य प्रदेशचा कर्णधार होता मुंबईचा चंद्रकांत पंडित.

२६ जून २०२२. तेच चिन्नास्वामी मैदान. मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं. प्रशिक्षक होते पंडितच. ते गहिवरले, तसा आमच्या घरातही कंठ दाटला. माझी मुलगी मात्र कोड्यात पडली. "आई, आपण राहतो कर्नाटकात, बोलतो मराठी, मग तू मुंबईविरुद्ध टाळ्या कशा वाजवतेस?"

मी तिला पंडितांकडे बोट दाखवलं. नायडू, निंबाळकर, कॉम्प्टन यांची नावंही सांगितली. जिथं आपण मनापासून घाम गाळतो ते आपलं, आणि जिथं वाढलो तेही आपलंच. एकासाठी दुसरं सोडावं लागत नाही.

हा दिवस पाहायला आजोबा नव्हते. नोंदवहीत ते मध्य प्रदेशचं पहिलं रणजी विजेतेपद. आमच्या घरच्या हिशेबात मात्र पाचवं.