विश्लेषण : सातपुड्यातली 'ऑफ-रोड' वाट नेमकी कोणाची?

एरंडोलहून धरणगावमार्गे तापी ओलांडली की चोपडा येतं. तिथपर्यंत कापूस, केळी आणि डांबरी रस्ता. पण उत्तरेला सातपुडा दिसायला लागला की अनेक बाईकवाल्यांना रस्ता सोडावासा वाटतो. हिमालयन (2016) आणि एक्सपल्स 200 (2019) बाजारात आल्यापासून कच्च्या वाटा धुंडाळणं हा मोजक्या श्रीमंतांचा छंद राहिलेला नाही. प्रश्न असा, की या वाटांवर बाईक घालता येते का?

वाट इतकी अवघड का?

डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी मंदावतात आणि सोबत आणलेले गोटे तिथेच टाकतात. भूवैज्ञानिक या पट्ट्याला 'बझाडा' म्हणतात. इथे पाणी झटकन जमिनीत मुरतं, त्यामुळे नाले वर्षातला बराच काळ कोरडे असतात आणि चक्क रस्त्यासारखे दिसतात. त्यात बाईक घातली की सुटे गोटे चाकाखालून सरकतात, पुढचा ब्रेक जोरात दाबला तर आपण आडवे. पावसाळ्यात तर डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरातला पाऊस नाल्यातून येऊन धडकू शकतो.

खाली शेतांतली काळी माती वेगळाच त्रास देते. ओली झाली की ती फुगते आणि टायर-मडगार्डमध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. मला विचाराल तर गोट्यांपेक्षा हा चिखल वाईट.

परवानगी लागते का?

यावल अभयारण्य 1969 साली घोषित झालं. सुमारे 175 चौरस किलोमीटरचं हे जंगल यावल आणि रावेर तालुक्यांत, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात विनापरवाना जाता येत नाही. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्यांना सूट आहे. पण त्यावरून वळून वनखात्याच्या कच्च्या वाटेवर शिरलात की ती सूट संपते. 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातली घुसखोरी भारतीय वन अधिनियम, 1927 खाली येते. मोबाईलच्या नकाशावर रेघ दिसली म्हणजे रस्ता सर्वांना खुला, असं नसतं.

पाड्यांचं काय?

ज्या वाटेला आपण 'रिमोट ट्रेल' म्हणतो, ती पावरा, तडवी, बारेला कुटुंबांची बाजाराची आणि दवाखान्याची वाट असते. ओल्या वाटेवरून आठ-दहा बाईक गेल्या की चाकोऱ्या पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि वाटेची घळ होते. आपण रविवारी संध्याकाळी घरी असतो. सोमवारी त्याच घळीतून पाड्यातल्या माणसाला बाजार गाठायचा असतो.

पश्चिमेला, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आजही येतात. बाईकवाला दरीत पडला तर त्याचंही वेगळं होणार नाही. रेंज नसेल तर 108 ला फोन लागत नाही. लागला तरी रुग्णवाहिका रस्ता असेल तिथपर्यंतच येणार. पुढे उचलून आणायला पाड्यातलेच लोक धावतात.

निघायचंच असेल तर पाऊस संपून जमीन वाळल्यावर निघा, संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा आणि एकटे जाऊ नका. खिरोद्याहून पालला जाणारा घाटरस्ताही काही कमी देखणा नाही.