दलालाशी केलेला कागद बदलताना

महालातले वडिलोपार्जित घर विकायला काढलेत, नागपूरच्या दलालाला सहा महिन्यांची मुदत लिहून दिलीत. गिऱ्हाईक आले नाही. आता दलाल म्हणतो, "भाऊ, भाव उतरवा, मुदत वाढवा, तोंडी चालेल." वाचकहो, इथे थांबा.

कागद बदलता येतो. १८७२ च्या करार कायद्याचे ६२ वे कलम तशी मुभा देते, पण दोघांच्या संमतीने. जुन्या कागदावर खाडाखोड नको. पुरवणी करार करा. मूळ कराराची तारीख, नवा भाव, नवी मुदत लिहा आणि 'बाकीच्या अटी कायम' हेही. दोघांच्या सह्या, एक प्रत तुमच्या पेटीत.

दलालीचे कलम मात्र घरात मोठ्याने वाचून घ्या. चुलतभावाने घर घेतले तरी दलाली द्यावी लागेल, असे कधीकधी त्यात असते. भांडण तिथेच पेटते. तशी भीती असेल तर चुलतभावाचे नाव घालून सूट लिहून घ्या.

आणि बहिणीला विचारलेत ना? हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भाव उतरवायचा तर पुरवणीवर तिचीही सही लागेल.