माझी भाची उंदीर नाही

मागच्या आठवड्यात धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. जळगावहून निघताना मेहरूणची बोरं घेतली होती. ती पिशवी दारातच हातातून ओढून घेणारी बहीण यावेळी ओट्यावर गप्प बसलेली. विचारलं तर म्हणाली, "दादा, आपली पोर काय उंदीर शे का रे?"

मला कळेना. मग सगळं बाहेर आलं.

भाची एम.एस्सी. झालेली, नाशिकला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. मुलगा आपल्याच जिल्ह्याकडचा, पुण्यात आयटीत. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोघांना एकमेकं पसंत पडली, तीन आठवडे फोनवर बोलणं चाललं. 36 पैकी 26 गुण जुळत होते. परंपरेने 18 पुरतात. साखरपुड्याच्या तारखेवर बोलणी आली आणि तिकडून फोन आला: "आमच्या मुलाचं नक्षत्र पुनर्वसू, म्हणजे योनी मार्जार. तुमच्या मुलीचं पूर्वा, म्हणजे मूषक. मांजर आणि उंदीर, महावैर आहे. आम्हाला जमणार नाही."

बहीण हे सांगत असताना आतल्या खोलीतून भाचा खो खो हसत होता. दहावीतला पोरगा. बहिणीचा पारा चढला. "घरात काय चाललंय आणि हा चिनी कार्टून बघून दात काढतोय!"

आत जाऊन बघितलं. कार्टून चिनी नव्हतं, जपानी होतं. नाव 'एटोटामा'. 2015 साली आलेली बारा भागांची विनोदी मालिका. आणि विषय काय, तर मांजर आणि उंदीर!

मित्रांनो, मी थक्क झालो. एकाच घरात, एकाच दुपारी, ओट्यावर मांजर-उंदरावरून रडणं चाललेलं आणि आतल्या खोलीत मांजर-उंदरावरूनच हसणं. तिथून परत येईपर्यंत डोक्यात हेच होतं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

आधी ती मालिका काय आहे ते सांगतो. चीनमध्ये वर्षांना जनावरांची नावं आहेत. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. बारा वर्षांचं चक्र. जपानने ते घेतलं आणि डुकराच्या जागी रानडुक्कर बसवलं. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे. चीन-जपानात मात्र मांजराला जागा नाही, आणि त्याची लोककथा आहे. देवाने सगळ्या जनावरांना बोलावलं, जे आधी येतील त्यांचा नंबर आधी. उंदराने मांजराला मुद्दाम चुकीचा दिवस सांगितला. स्वतः बैलाच्या पाठीवर बसून गेला, दारात पोचल्यावर टुणकन उडी मारली आणि पहिला आला. मांजर दुसऱ्या दिवशी पोचलं. तेव्हापासून मांजर उंदराच्या मागे लागलंय.

'एटोटामा'मध्ये ही जनावरं पोरींच्या रूपात येतात. न्यातान नावाची मांजरी या बाराजणींत घुसायला धडपडते. त्यासाठी मारामाऱ्या, फजित्या, खादाडी, आरडाओरडा. फार थोर कलाकृती आहे असं मी म्हणणार नाही. काही प्रसंग दहावीच्या पोराने बघावेत का, यावर बहिणीशी माझंही एकमत झालं. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. पंचांगातल्या जनावरांकडे बघून पोटभर हसायची त्यांना भीती वाटत नाही.

आणि हे हसू त्यांना सहज मिळालेलं नाही, हे आपण समजून घ्यायला पाहिजे.

या बारा जनावरांना पाच तत्त्वांची जोड देऊन 60 वर्षांचं चक्र होतं. आपले प्रभव, विभव वगैरे संवत्सरही 60च, बरं का. या चक्रात एकदा 'अग्नी-घोड्याचं' वर्ष येतं. जपानमध्ये समजूत अशी की त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते. सतराव्या शतकात प्रेमापायी आग लावली म्हणून एका कोवळ्या पोरीला मृत्युदंड झाला होता. ती त्या वर्षीची होती म्हणे, तिथून ही समजूत पसरली. 1906 हे असंच वर्ष होतं. त्या सालच्या मुलींची लग्नं जमेनात.

मग आलं 1966. बुलेट ट्रेन धावायला लागली होती, टोकियोत ऑलिंपिक होऊन गेलं होतं. शिकलेला, कारखानदार देश. तरी काय झालं बघा. 1965 साली जपानमध्ये सुमारे 18 लाख 20 हजार मुलं जन्मली. 1966 साली 13 लाख 60 हजार. 1967 साली पुन्हा 19 लाख 35 हजार. एका घोड्याला घाबरून एका वर्षात पाव हिस्सा जन्म कमी! मुलगी झाली तर तिच्या लग्नाचं काय, या धाकाने लोकांनी मूलच टाळलं.

यंदा 2026 हे पुन्हा तेच अग्नी-घोड्याचं वर्ष आहे. 1966च्या आणि आजच्या जपानी पोरांत एक फरक मात्र आहे. आजची पोरं ही जनावरं विनोदी मालिकांत बघत मोठी झालीत. 'फ्रूट्स बास्केट' नावाची आणखी एक गाजलेली मालिका आहे, नात्सुकी ताकाया या लेखिकेच्या चित्रकथेवरून केलेली. आधी 2001मध्ये आली, मग 2019 ते 2021मध्ये नव्याने. तिच्यात एका घराण्याला या जनावरांचा शाप आहे. परक्या लिंगाच्या माणसाने मिठी मारली की ते जनावर होतात. त्यात मांजरवाला पोरगा आणि उंदीरवाला पोरगा एकाच छपराखाली राहतात, भांडतात आणि एकाच टेबलावर जेवतात. भाचा ते सांगत होता आणि बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्या पत्रिकेतही जनावरं आहेत. बारा नाहीत, चौदा. घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर, गाय, म्हैस, वाघ, हरीण, माकड, मुंगूस आणि सिंह. 27 नक्षत्रं, त्यात अभिजित धरून 28, प्रत्येकाला यातलं एक वाटून दिलेलं. याला 'योनी' म्हणतात. शब्द ऐकून दचकू नका, अर्थ जात किंवा कूळ असा आहे. मग कोणाचं कोणाशी वैर ते ठरलेलं. गाय-वाघ, हत्ती-सिंह, घोडा-म्हैस, कुत्रा-हरीण, साप-मुंगूस, माकड-मेंढा, मांजर-उंदीर. 36 गुणांत या जनावरांचे फक्त 4 गुण. भाचीचे ते 4 गेले, तरी 26 उरत होते!

शिवाय मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्या दिराला. आता मला सांगा, जपानचा नवरा खाणारा घोडा आणि आपली सासरा खाणारी मूळ, यात फरक काय आहे? दोन्हीकडे गुन्हेगार कोण, तर जन्माला आलेली पोर. सासूला वाईट असलेला जावई तुमच्या ऐकण्यात आहे का कधी? मी वीस वर्षं बातमीदारी करतोय, माझ्या तरी नाही.

आता कोणी म्हणेल, भाऊ, हा श्रद्धेचा विषय आहे, तुम्ही पत्रकार लोक कशाला नाक खुपसता?

तर ऐका, त्या फोननंतर काय झालं. दोन दिवसांनी मध्यस्थाचा मेहुण्यांना फोन आला. "एवढं मनावर घेऊ नका. शांती करता येते, उपाय असतो. मुलाचा पुण्यात फ्लॅटचा विचार चालू आहे. तुम्ही थोडं मनावर घेतलं तर मी शब्द टाकतो." बस्स. महावैर कशाने मिटणार होतं ते कळलं. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याने मांजर शाकाहारी होणार होतं!

मेहुण्यांनी नाही म्हटलं. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण भाचीच्या माथी शिक्का बसला तो बसलाच. आता पुढच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी हळूच विचारणार, "आधी एक ठरलं होतं ना? मग मोडलं का?"

माझा मुद्दा एवढाच आहे. खान्देशात आज 'पत्रिका जुळत नाही' हे वाक्य श्रद्धेपोटी कमी आणि सोयीपोटी जास्त बोललं जातं. मुलगी सावळी वाटली, पत्रिका जुळत नाही. बापाकडे शेती कमी, पत्रिका जुळत नाही. हुंडा तोंडाने मागायची सोय 1961च्या कायद्याने ठेवली नाही, म्हणून आता पत्रिका मागते. नकार द्यायचा तर द्या, तो तुमचा हक्क आहे. पण स्वतःच्या तोंडाने द्या. चौदा मुक्या जनावरांच्या तोंडी घालू नका.

आणि हे करतंय कोण? आपण. ज्या जळगाव जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या, तो जिल्हा आपला. तेव्हाची पोरं आता लग्नाला येतायत. गावोगाव पस्तिशीतले शेतकरी मुलगे बिनलग्नाचे बसलेत. मुली आधी आपणच कमी केल्या, आणि ज्या आहेत त्यांना उंदीर म्हणून परत पाठवतोय. याला काय म्हणावं?

पत्रिका खरी असते की नाही, हेही आपल्याच महाराष्ट्रात तपासून झालंय. 2008मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर वगैरे सहकाऱ्यांबरोबर पुण्यात एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना त्यातल्या चाळीस-चाळीस देऊन विचारलं, यातली हुशार कोण आणि मतिमंद कोण? 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास बरोबर आली असती. मूल हुशार की मतिमंद हे ज्या कागदावरून कळत नाही, त्यावरून दोन माणसांचं आयुष्यभर पटेल की नाही हे कसं कळणार?

आणि पुण्याची साक्ष नको असेल तर घरची देतो. आसोद्याच्या बहिणाबाई. शाळेची पायरी चढल्या नाहीत, विधवापण वाट्याला आलं, शेतात राबल्या. त्यांनी आपल्या ओव्यांत ज्योतिषाला दारातूनच माघारी पाठवलं. आपलं नशीब आपल्या कष्टाच्या हातावर आहे, असा त्यांचा हिशेब होता. आपण विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, त्या विद्यापीठाच्या डिग्र्या घेतल्या, बायोडाटावर छापल्या, आणि त्याच बायोडाटाच्या खालच्या ओळीत लिहिलं: नक्षत्र, गण, नाडी, योनी.

मला कोणाचं पंचांग बंद करायचं नाही. माझ्या घरीही भिंतीवर कालनिर्णय आहे. संक्रांत आहे, तीळगूळ आहे, पोळ्याला बैल सजवणं आहे, ते राहू द्या. संक्रांतीचं वाहन यंदा कोणतं, हे आई उत्सुकतेने विचारते, मी सांगतो, दोघं हसतो. पण तेच वाहन घेऊन 'एकुलता एक मुलगा असेल तर अमुक करा, नाहीतर संकट' असे मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतात, तेव्हा त्या हसण्याची भीती होते. आणि भीती आली की मागोमाग कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन येतो.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक, समाजाच्या परिचय मेळाव्यांची जी सूची छापतात त्यातून योनी, गण, नाडी हे रकाने काढून टाका. त्या जागी रक्तगट, सिकलसेलची तपासणी आणि 'हुंडा घेणार नाही' याखाली मुलाच्या बापाची सही असा रकाना ठेवा.

दोन, मुलांच्या आईबापांनो, नकाराचं खरं कारण सांगा. वाईट वाटेल, पण त्या पोरीच्या नावावर कायमचा दोष लागणार नाही.

तीन, लग्नाच्या पोरांनो, हे खास तुमच्यासाठी. त्या पुण्याच्या मुलाने तीन आठवडे माझ्या भाचीशी तासन् तास गप्पा मारल्या. फोन मात्र त्याच्या काकांनी केला. स्वतः दोन ओळींचा मेसेजही टाकला नाही. अरे भो, मांजर म्हणवतोस ना? मग निदान म्याव तरी करायचं!

निघताना भाचीला फोन लावला होता. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मामा, लॅबमध्ये आहे, नंतर बोलते. आणि आईला सांग, उंदीर पहिला आला होता. बैलाच्या पाठीवर बसून का होईना, पण पहिला आला होता."

ती मालिका तिने भावाच्या आधीच बघितली होती.

पटलं तर तुमच्या समाजाच्या ग्रुपवर टाका, जिथे हे वाचून कोणाला तरी ठसका लागेल. नाही पटलं तर खाली भांडा. फक्त एक अट. आधी तुमच्या घरात किती नकार पत्रिकेच्या नावाने दिले आणि खरं कारण काय होतं, ते लिहा.