सोमवारचा दमा

कमठाण्याच्या पंचक्रोशीतून पोटासाठी बाहेर पडलेली माणसे पूर्वी गुलबर्ग्याच्या महबूबशाही गिरणीत, सोलापुरात अथवा थेट मुंबईच्या परळात जाऊन स्थिरावत. गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, गिरणीचा भोंगाही निमाला. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांचा खोकला मात्र अद्याप ऐकू येतो. घरची मंडळी त्यास दमा म्हणतात आणि दोष विडीवर ढकलतात.

वाचकहो, पिंजणखात्यातील कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन जो विकार जडतो, त्यास वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस असे नाव आहे. त्याची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुटीनंतर पहिल्याच दिवशी कामावर छाती आवळते, धाप लागते. दुसऱ्या दिवशी हलके वाटते. पुढे पुढे वारांचा हा भेद उरत नाही आणि दम कायमचा मुक्कामास येतो.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा यांनी अशा रोगांना अपघाताच्या पंगतीस बसविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व तेच राहिले. विमेदार कामगार तात्पुरता अक्षम झाल्यास सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. अक्षमता कायमची असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवील तितका. मृत्यू ओढवल्यास विधवेस व मुलांस अवलंबितांचा लाभ. जेथे राज्य विमा नाही, तेथे भरपाईचे दायित्व मालकावर येते.

अडचण पुराव्याची आहे. अपघात चार लोकांदेखत घडतो; हा रोग वीस वर्षे मुकाट्याने घडत असतो आणि पुष्कळदा नोकरी सुटल्यावर उघड होतो. तोवर टोकन हरवते, पगाराच्या चिठ्ठ्या चुलीत जातात. आमच्या शाळेच्या जुन्या प्रवेश-नोंदवहीत 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात कोठे कोठे 'गिरणी, गुलबर्गा' एवढेच लिहिलेले आढळते. कोण्या मास्तरांनी सहज केलेली ती नोंदही एखाद्या घरास आधाराची ठरावी!

आज आमच्या भागातील तरुण खडी मशीनवर जातात. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस क्षयासारखाच भासतो. क्षयाची औषधे सुरू होतात आणि कामाचा उल्लेख मागे पडतो. पगारातून पाऊण टक्का कापला जात असेल, तर तो राज्य विम्याचा आहे काय हे पाहून विमा क्रमांक घरी लिहून ठेवावा. राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय कलबुर्गीसच आहे. तेथे किंवा अन्यत्र, डॉक्टर विचारोत वा न विचारोत, कोणत्या खात्यात, किती वर्षे, कसली धूळ, हे केसपेपरवर आग्रहाने लिहवून घ्यावे आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.