गोश्त खाणाऱ्या घरातही बी-१२ कमी?

“आपल्याकडे आठवड्यातून तीनदा गोश्त शिजते, मग बी-१२ कमी कसे होईल?” हा प्रश्न बऱ्याच घरांत ऐकू येतो. गोश्त, कलेजी, मासळी, अंडी आणि दूध यांतून हे जीवनसत्त्व मिळते, हे खरे. पण ताटात येणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे अब्बा, रोज ॲसिडिटीची गोळी घेणारी अम्मी, वय झालेली दादी, यांच्या आतड्यांत ते पुरेसे शोषले जात नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा उघडी पडते. पायांना मुंग्या येतात, वुजू करताना पाणी गार की कोमट ते पावलांना कळत नाही, सजद्यातून उठताना तोल जातो. अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका.

नेहमीच्या तपासणीत रक्तातले एकूण बी-१२ मोजतात. साधारणपणे एका मिलिलीटरमध्ये २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता समजतात. २०० ते ३०० च्या दरम्यानचा आकडा मात्र संशयाचा असतो, कारण रक्तात दिसणारे बरेचसे बी-१२ पेशींच्या उपयोगाचे नसते. पेशींना ते खरोखर कमी पडत असेल, तर रक्तात होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड, म्हणजे एमएमए, हे दोन पदार्थ साचतात. फोलिक ॲसिड कमी असले तरी होमोसिस्टीन वाढते. एमएमए वाढत नाही. म्हणून एमएमएची साक्ष जास्त पक्की. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही वाढतात, त्यामुळे क्रिएटिनिनही पाहावे लागते.

दोन चुका टाळा. आधी बी-१२ ची इंजेक्शने घेऊन मग तपासणी करू नका. आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ स्थिती कळत नाही. दुसरे, रक्त कमी आहे म्हणून नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहू नका. हिमोग्लोबिन सुधारते, पण बी-१२ अभावी नसांचे नुकसान आतून चालूच राहते. फार उशीर झाला तर ते पूर्ण भरून येईलच असे नाही.

मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी साखर तपासायला जाल, तेव्हा “माझे बी-१२ पाहायचे का?” एवढे डॉक्टरांना जरूर विचारा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिची वेळेवर विचारपूस करणे आपल्याच हाती आहे.