निकामी बंदुका आणि वाचनालयाची मागची खोली

मेहकर तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयापुढे अलीकडे एक चमत्कारिक देणगी येऊन उभी राहिली आहे. त्या गावचा एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, गेली वीस वर्षे इंग्लंडात नोकरी करतो. तिकडे त्याला लष्करी बंदुका जमविण्याचा नाद लागला. बंदुका अर्थातच निकामी केलेल्या. असे सात नग त्याच्यापाशी आहेत. मुलांना त्यांत गोडी नाही, म्हणून तो हा सारा संग्रह गावाला देऊ इच्छितो. अट एकच : वाचनालयाची मागची खोली त्यासाठी कायमची राखून ठेवावी आणि तिला त्याच्या वडिलांचे नाव द्यावे.

वाचनालयाच्या समितीवर आपले तीन कार्यकर्ते आहेत. ते सल्ल्यासाठी माझ्याकडे खामगावला आले. एकाचे म्हणणे, समाजवाद्यांनी बंदुकीची आरती कशाला ओवाळायची? दुसऱ्याचे म्हणणे, फुकट मिळते आहे, चार गावची माणसे पाहायला येतील, मग नाही का म्हणायचे? तिसरे बराच वेळ गप्प होते. त्यांची मुलगी त्याच मागच्या खोलीत बसून पोलीसभरतीचा अभ्यास करते, हे मला मागाहून कळले.

‘फुकट’ या शब्दापासूनच सुरुवात करतो; अर्थशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला आहे. खेड्यात पत्र्याच्या दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. तेथे परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना दिवा, पंखा आणि शांतता मिळण्याची जागा गावात एकच असेल, तर त्या जागेची किंमत भाड्याच्या आकड्यात मोजता येत नाही. देणगीदार बंदुका देतो आणि गाव खोली देते. हा सौदा आहे, आणि सौदा म्हणूनच तो तपासला पाहिजे.

आता वस्तूकडे पाहू. निकामी करणे म्हणजे काय? बंदुकीच्या नळीला लांब चीर पाडतात, काडतूस बसते त्या जागी पोलादी गुडदी ठोकून वेल्डिंग करतात, बोल्टचे तोंड तिरपे घासून टाकतात आणि काडतुसावर आघात करणारी पिन निरुपयोगी करतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून अशा बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील तपासणीगृहाचा छाप उमटवतात आणि सोबत प्रमाणपत्र देतात. मग ती कायद्याच्या दृष्टीने बंदूक उरत नाही. सुरुवातीच्या काळात हे काम थोडे हात राखून होत असे; बोल्ट मागेपुढे सरकत असे, चाप ओढता येत असे. पुढे २०१५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये हल्ले झाले. त्यांत वापरलेल्या काही बंदुका स्लोव्हाकियात ‘केवळ आवाज काढणाऱ्या’ म्हणून उघडपणे विकल्या गेल्या होत्या आणि नंतर त्या पुन्हा जिवंत करण्यात आल्या होत्या. तेव्हा युरोपीय संघाने नियम कडक केले. एप्रिल २०१६ पासून जवळजवळ सारे भाग वेल्डिंगने जखडून टाकणे सक्तीचे झाले. २०१७ च्या ब्रिटिश कायद्याने जुन्या पद्धतीने निकामी केलेली बंदूक तेथल्या तेथे विकणे वा भेट देणे हाही गुन्हा ठरविला. आधी ती नव्या नियमाप्रमाणे पुन्हा निकामी करावी लागते.

माझ्या विद्यार्थ्याने मागे मला विचारले होते, “सर, गुंतवणूक म्हणून हे कसे?” त्याला माझे उत्तर हेच आहे. ज्या वस्तूचा उपयोग कायद्याने काढून घेतला, तिची किंमत निव्वळ टंचाईवर आणि हौसेवर उभी असते आणि सरकारी राजपत्रातील एका पानाने ती बसू शकते. आमच्या खामगावच्या चांदीच्या बाजारात कोणी वाकडेतिकडे भांडे आणले, तरी ते वितळवून तोळ्याच्या भावाने पैसे हातात पडतात. या पोलादाला भंगाराचाच भाव.

तरीही संग्रह करणे सर्वस्वी व्यर्थ आहे, असे मी म्हणणार नाही. त्या सात नगांत एक नग असा आहे की, ज्याचे छायाचित्र पाहून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेली ‘चारशेदहा मस्केट’ आहे. माझ्या लहानपणी कोषागाराच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर ती दिसे आणि आम्हा पोरांना ती खरी रायफल वाटे. दिसायला ती रायफलच, लष्कराच्या.३०३ ची सख्खी बहीण. परंतु तिच्या नळीतले पेचदार चर कोरून काढून नळी गुळगुळीत करण्यात आली होती. पाच-दहा काडतुसे मावणारे मॅगझिन लाकडी ठोकळा घालून बंद केले होते. एक काडतूस भरा, झाडा, मग दुसरे भरा. लष्कराची .३०३ ची काडतुसे तिच्यात चालू नयेत, अशीच ही योजना. कारण उघड होते. १८५७ चा धडा घेतलेल्या सत्तेला हिंदी शिपाई बंदूकधारी हवा होता, पण गोऱ्या सोल्जराच्या तोडीचा नको होता. म्हणजे साम्राज्याने ही बंदूक जन्मतःच अर्धी निकामी केली होती! हा लाकडी ठोकळा एकदा हातात घेऊन पाहिला तर १८७८ च्या शस्त्र कायद्यावरील माझ्या दोन तासिकांचे काम पाच मिनिटांत होईल.

आणि म्हणून ‘समाजवाद्यांना बंदुकीशी काय कर्तव्य’ हे पहिल्या कार्यकर्त्याचे म्हणणे मला पटत नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसचा मूलभूत हक्कांचा ठराव आपण शिबिरांतून शिकवतो, त्यातील राहणीपुरते वेतन आणि प्रमुख उद्योगांवरील नियंत्रण आपल्याला पाठ असते. परंतु नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही त्याच ठरावात होता, याचा आपल्याला सोयिस्कर विसर पडतो. निःशस्त्र केलेल्या देशाने तो मागितला होता. स्वतंत्र भारतातील १९५९ च्या कायद्याने तो मर्यादित स्वरूपात मान्यही केला. रोही आणि रानडुक्कर यांच्यापासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याच्या भरमार बंदुकीची तरतूद त्या कायद्यात आहे. निवडणूक आली की तीच भरमार ठाण्यात जमा करण्यासाठी त्याला तालुक्याला खेटे घालावे लागतात, ही गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. वारसाहक्काने आलेलीही त्यातच धरली. बंदुकीचा इतिहास हा असा सत्ता आणि प्रजा यांच्या संबंधांचा इतिहास आहे. तो शांततावाद्यानेही शिकावा.

प्रश्न इतकाच, की तो इतिहास वस्तूत असतो की वस्तूच्या नोंदीत? नागपूरकर भोसल्यांचे पहिले रघुजी यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपयांना परत आणली. तशी पाती त्या काळात शेकडोंनी असतील. या पात्यावर रघुजींचे नाव सोन्याने घातलेले आहे, म्हणून ती तलवार तेवढ्या पैशांची. नाव पुसा, आणि तिची किंमत किती उरते पाहा. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या १८६३ सालच्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. तेथे शाळकरी मुले बंदुकीपुढून धावत जातात. ती कोणाच्या हातात होती आणि तिचे तोंड कोणाकडे होते, हे समजले तरच पाय थबकतो.

विद्यार्थ्याच्या बाकीच्या सहा नगांविषयी मी त्याला हाच प्रश्न केला. या कोठून आल्या? कोणत्या पलटणीत होत्या? त्याला ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याने दिलेली पावती आहे, निकामी केल्याचे प्रमाणपत्र आहे. त्यापलीकडे काही नाही. जिवंत असताना बंदुकीचा प्रत्येक दिवस शस्त्रागाराच्या वहीत लिहिलेला असतो, मेल्यावर मात्र ती बेवारस होते. अशा सहा बेवारस लोखंडांसाठी अभ्यासाची खोली देणे मला मान्य नाही.

येथे आणखी एक गोष्ट मनात येते. निकामी लोखंड आपल्याकडेही आहे. मात्र ते काचेच्या कपाटात नसते. पुलगावच्या दारूगोळा भांडारानजीक २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. आपल्या मलकापूरहून रेल्वेने भुसावळला जाताना वरणगाव लागते. तेथे लष्कराची काडतुसे तयार होतात. २०२१ साली देशातील सारे आयुध कारखाने सरकारने सात कंपन्यांत वाटून टाकले. त्याला विरोध करणाऱ्या कामगारांच्या संपाला मनाई करता यावी, म्हणून त्याच वर्षी आधी अध्यादेश निघाला, मग कायदा झाला. पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी जे चाळीस जवान गेले, त्यांतले दोन आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले. २००४ नंतर भरती झालेल्या या दलांच्या जवानांना जुने निवृत्तिवेतन द्यावे की नाही, याचा वाद पुढे न्यायालयात न्यावा लागला. वाचनालयाला शस्त्रांची कथा सांगायचीच असेल तर ती या माणसांपासून सुरू होते, आणि त्यांतले पुष्कळजण आज बोलायला हयात आहेत. पंचक्रोशीतील निवृत्त जवान, हवालदार आणि वरणगावचे कामगार यांना दर महिन्याला एकदा बोलावून त्यांचे बोलणे लिहून काढावे. त्याला एक वही आणि पेन लागते; खोली सायंकाळी सातनंतर रिकामीच असते.

कायद्याची अडचणही समितीने ध्यानात घ्यावी. १९५९ च्या कायद्याचे ४५ वे कलम, दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला सूट देते. पण ‘दुरुस्ती करूनही’ हे ठरविणार कोण? आयातीसाठी वेगळ्या परवान्याचे १० वे कलम आहेच. सात नगांसाठी जिल्हाधिकारी कचेरी, पोलीस आणि सीमाशुल्क यांच्या पायऱ्या झिजवण्याइतका वेळ आपल्या कार्यकर्त्यांकडे असेल तर रेशनकार्डाची कामे पडून आहेत.

समितीला मी असे लिहून दिले आहे : सहा नग साभार नाकारावेत. मस्केट मात्र, कायदा परवानगी देत असेल तर घ्यावी आणि समोरच्या दालनात भिंतीवर चार हात जागेत लावावी. खाली फलकावर देणगीदाराच्या वडिलांचे नाव घालायला कोणाची हरकत नसावी. ते शाळामास्तर होते, त्यांना ते बरेच वाटले असते. मागची खोली मुलांकडे राहावी. बैठक येत्या रविवारी आहे. दुसरा कार्यकर्ता अजून नाखूश आहे. ‘एका बंदुकीला कोण पाहायला येणार?’ असे तो म्हणतो.

विद्यार्थ्यालाही पत्र टाकले आहे. निकामी करताना तिकडच्या कारागिरांनी मॅगझिनही वेल्डिंगने बंद केले असण्याची मला धास्ती वाटते. आतला लाकडी ठोकळा अजून जागेवर आहे का, आणि तो बाहेर काढून पाहता येतो का, हे तपासून त्याने मला कळवायचे आहे.