घोडीचा हट्ट की घोडीचे दुखणे?

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या वैद्यकाची पदवी माझ्याकडे नाही. तरीही आजचा लेख घोड्यावर आहे. कारण माझ्या हातून झालेली एक चूक वाचकांपुढे मांडायची आहे.

वसई स्टेशनबाहेर टांगे उभे राहात, तो काळ आमच्या पिढीने पाहिला. टांगे गेले, घोडे वरातीपुरते उरले. माणिकपुरातील असाच एक घोडीवाला माझा जुना रुग्ण. त्याला दमा आहे. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तो दवाखान्यात आला, पण तक्रार स्वतःची नव्हती.

"डॉक्टरसाहेब, घोडी बिघडली. उन्हात काढली की मान वर-खाली झटकते, फुरफुरते, नाक पुढच्या पायाला घासते. परवा नवरदेव पडता पडता वाचला. चाबूक ओढला, लगाम आवळला, तरी ऐकत नाही. आता विकून टाकतो."

बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी हसत म्हणालो, "ॲलर्जी असेल. तुम्हाला होते तशीच." एवढ्यावर मी विसरलो, तो विसरला नाही. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली म्हणून त्याने स्वतःला कधी काळी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या दुकानातून आणल्या आणि घोडीच्या वजनाच्या हिशेबाने मूठमूठ चारल्या. मान झटकणे थांबले नाही. तीन आठवड्यांनी घोडी पुढच्या पायांनी लंगडू लागली. तेव्हा कुठे पशुवैद्यांना बोलावणे झाले. खुरांच्या आत दाह झाला होता. स्टिरॉइडनंतर घोड्याला असा धोका संभवतो, असे ते म्हणाले. तो दाह गोळ्यांमुळेच झाला हे सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या मनाला मात्र ते लागून राहिले आहे.

मान का झटकते?

पशुवैद्यांनी आधी दात पाहिले, कान पाहिले, डोळे पाहिले, लगामाचे कडियाळ तोंडात कुठे रुतते का ते तपासले. योग्य क्रम हाच. किडका दात, कानातली गोचीड किंवा चुकीचे कडियाळ यांनीही घोडा मान झटकतो. इथे यातले काही निघाले नाही.

मग उरतो तो चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचा विकार. माणसात याच तंतूच्या दुखण्याने गालात वीज चमकावी तशी कळ येते. असे रुग्ण आम्ही पाहतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी त्यांना सोसत नाही. घोड्यातील या विकाराला पूर्वी ॲलर्जीच समजत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की अशा घोड्यांत हा तंतू फार थोड्या उत्तेजनेनेही पेटतो. बऱ्याच घोड्यांना त्रास ठराविक ऋतूतच होतो. कडक ऊन, वारा, धूळ यांनी तो वाढतो. म्हणजे लक्षण ऋतूचे असले तरी रोग ॲलर्जीचाच असतो असे नाही. माझी चूक नेमकी इथे झाली.

यावर हमखास उपाय अजून नाही. पण नाकपुड्यांवरून सैल जाळी बांधली, तर बऱ्याच घोड्यांना आराम पडतो. आमच्या घोडीला जाळी बांधली आणि काम दिवस मावळल्यावर ठेवले. झटकणे निम्म्यावर आले. पूर्ण गेले नाही, पण ती विकली गेली नाही. चाबूक आता खुंटीला टांगलेला आहे.

खरी ॲलर्जी कोणती?

घोड्यांना खरी ॲलर्जीही होते. चिलटांसारखे बारीक किडे चावल्याने आयाळ आणि शेपटीचा बुंधा खाजतो. घोडा तो भाग खांबाला घासून रक्त काढतो. हे किडे ओल्या चिखलात आणि शेणात वाढतात, पहाटे व तिन्हीसांजेला चावतात. आमच्या खाजणपट्ट्यात त्यांना तोटा नाही. त्या वेळी जनावर तबेल्यात बांधावे, अंगावर पातळ झूल घालावी आणि पंखा लावावा. हे किडे उडण्यात दुबळे असतात. वाऱ्यापुढे टिकत नाहीत.

दुसरी ॲलर्जी छातीची. बुरशी धरलेल्या गवताची धूळ नाकात गेली की घोड्याला खोकला आणि धाप लागते. त्या तबेल्यात मी स्वतः जाऊन आलो. वर पत्रा, खिडकी एकच, कोपऱ्यात पावसात भिजलेला पेंढा, आणि त्याच्या शेजारी मालकाची खाट! घोडीही खोकत होती, मालकही खोकत होता. वर्षानुवर्षे मी त्याला पंप लिहून देत होतो, पण "तुम्ही झोपता कुठे?" हे एकदाही विचारले नव्हते. काळा पडलेला पेंढा फेकला, गवत झटकायचे ते बाहेर व पाण्यात भिजवूनच घालायचे ठरवले, भिंतीला वर झरोके पाडले, खाट घरात गेली. दोघांचाही खोकला कमी झाला.

आपले कर्तव्य

ॲलर्जी हा शब्दच मुळी घोड्याच्या निमित्ताने जन्मला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातील लस टोचलेल्या मुलांना पुरळ व ताप येतो, हे व्हिएन्नाचे डॉ. पिर्के यांनी अभ्यासले आणि १९०६ साली हा शब्द घडवला. आजही वसई-पालघरच्या खेड्यात साप चावलेल्या शेतकऱ्याला जी लस वाचवते, ती घोड्याच्याच रक्तापासून बनते. त्या प्राण्याचे आपण देणे लागतो.

म्हणून माझे सांगणे इतकेच. मुके जनावर अंग झटकते तेव्हा त्याला हट्टी ठरवू नका. चाबकाने दुखणे बरे होत नाही. आणि माणसाच्या गोळ्या जनावराला देऊ नका. डायक्लोफिनॅक हे साधे वेदनाशामक जनावरांना दिल्याने त्यांचे मृतदेह खाणारी गिधाडे मेली, म्हणून २००६ साली सरकारला त्याच्या पशुवापरावर बंदी घालावी लागली. एका गोळीचे पाप कुठवर पोचेल, सांगता येत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मोठे दुखणे असेल तर परळचे जनावरांचे इस्पितळ आहे.

आम्हा डॉक्टरांनीही एक पथ्य पाळावे. जे आपल्याला कळत नाही, त्यावर दारात उभ्या उभ्या मत देऊ नये. आपण हसत बोललेला शब्दही रुग्ण औषध म्हणून घरी नेतो.